घरातली औषधं आणि सुया: ठेवायच्या कुठे, टाकायच्या कशा (खान्देशातल्या घरांसाठी)

कुणाला नुकतीच शुगर निघते, कुणाची ॲन्जिओप्लास्टी होते, कुणाला कॅन्सरच्या दुखण्यासाठी गोळ्या सुरू होतात, आणि घरात एकदम पिशवीभर औषधं येतात. कोणती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टर सांगतात. ती ठेवायची कुठे आणि उरली तर टाकायची कुठे, हे सहसा कुणी सांगत नाही. बाहेरून आलेल्या छापील सूचनांत ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ एवढंच असतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत थंड जागा शोधायची कुठे? आणि गावात घंटागाडीच येत नसेल तर वापरलेली सुई द्यायची कुणाला? जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरात औषधाचं सगळ्यात जास्त नुकसान ऊन करतं, आणि औषधामुळे दुसऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान उकिरड्यावर होतं. म्हणून या दोन ठिकाणी जरा जास्त थांबू.

आधी पिशवी रिकामी करा

जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि घरातली सगळी औषधं एकाच वेळी बाहेर काढा. फ्रीजमधली, पर्समधली, देव्हाऱ्याजवळची, गाडीच्या डिकीतली, गोठ्याच्या कोनाड्यातली, सगळी. त्यांचे ढीग करा: सध्या चालू असलेली, कधीतरी लागणारी (ताप, जुलाब, ओआरएस), मुदत संपलेली किंवा ओळखू न येणारी, सुया-सिरिंज-पट्ट्या, आणि जनावरांची.

मुदत वाचताना एक लक्षात ठेवा. पाकिटावर नुसता महिना आणि वर्ष असेल, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. ०५/२०२७ म्हणजे ३१ मे २०२७. पण ही मुदत न उघडलेल्या आणि नीट ठेवलेल्या औषधाची असते. उघडल्यावर वेगळं घड्याळ सुरू होतं. डोळ्यांत घालायचे थेंब बाटली फोडल्यापासून साधारण चार आठवडेच वापरायचे, पाणी घालून तयार केलेलं मुलांचं अँटिबायोटिक सिरप लेबलवर लिहिलेले दिवसच (बऱ्याच औषधांना सात), आणि कालवलेलं ओआरएस २४ तास. म्हणून बाटली फोडली की तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून बॉलपेननं तारीख लिहायची. ‘लक्षात राहील’ असं वाटतं, पण राहत नाही.

गोळ्यांच्या पाकिटावर मुदत आणि बॅच नंबर बहुतेक एकाच टोकाला असतो. त्या टोकाच्या विरुद्ध बाजूनं गोळ्या काढायला सुरुवात करा, म्हणजे शेवटची गोळी संपेपर्यंत तारीख हातात राहते. मेडिकलमधून चार-पाच गोळ्या कापून आणल्या असतील आणि तारखेचा तुकडा दुकानातच राहिला असेल, तर तिथल्या तिथे विचारून पाकिटावर लिहून घ्या. पाकिटातून सुटलेली, नाव नसलेली गोळी कितीही चांगली दिसली तरी टाकायच्या ढिगात.

उरलेलं अँटिबायोटिक ‘पुढच्या तापाला कामी येईल’ म्हणून ठेवू नका. अशा बऱ्याच पाकिटांवर उभी लाल रेघ असते; ती औषधं चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. अर्धा कोर्स उरला याचा अर्थ एक तर तो पुरा घ्यायचा राहिला, नाहीतर डॉक्टरांनी मध्ये बदलला. दोन्ही वेळा उरलेल्या गोळ्या पुढच्या आजाराला पुरत नाहीत आणि बहुतेकदा त्या आजाराच्या नसतातही.

जनावरांची औषधं आणि त्यांची सिरिंज गोठ्याजवळ, पण कुलपात. माणसांच्या डब्यात कधीच नाही. उलटंही तेवढंच महत्त्वाचं: घरात पडलेलं डायक्लोफिनॅकचं (दुखण्यावरचं) इंजेक्शन लंगडणाऱ्या बैलाला टोचू नका. हे औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यामुळेच २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पुढे २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाली. जनावराला काय चालतं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

डब्याची जागा

बहुतेक गोळ्यांवर ‘२५ अंशांखाली’ किंवा ‘३० अंशांखाली’ असं लिहिलेलं असतं. घरातली जागा अंदाजानं ठरवू नका. भिंतीवर लावायचा साधा तापमापक आणा, दोन-तीन जागी एकेक दिवस ठेवा आणि दुपारी तीन-चार वाजता वाचा. सिमेंटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली उंचावर ठेवलेला डबा आणि त्याच खोलीत खाली, आतल्या भिंतीला लागून ठेवलेला डबा यांत चांगलाच फरक निघतो. धाब्याचं जुनं घर असेल तर आतली अंधारी खोली उत्तम. तिथं मातीचं छत ऊन बरंच अडवतं. पण पावसाळ्यात त्याच खोलीला ओल येते, तेव्हा आषाढात डबा हलवा.

टाळायच्या जागा: गॅसच्या ओट्यावरचं फडताळ, फ्रीजचा माथा (मागून गरम हवा वर येते), इन्व्हर्टरच्या शेजारी, न्हाणीघर, पश्चिमेची खिडकी, दिव्याजवळचा देव्हारा. आणि मोटरसायकलची डिकी तर नाहीच. मेडिकलमधून औषध घेतल्यावर वाटेत बाजारहाट करायचा असेल तर औषध शेवटी घ्या.

मे महिन्यात दुपारी दोन-तीन तास पारा वर गेला म्हणून बीपीची गोळी लगेच वाया जात नाही. पण महिनोन्‌महिने ३५-४० अंशांत राहिलेलं औषध कमजोर होऊ शकतं, आणि ते दिसून येतंच असं नाही. कॅप्सूल चिकटल्या, गोळीला ठिपके पडले, सिरपचा रंग किंवा वास बदलला, ओआरएसची पुडी दगडासारखी झाली, तर ते औषध वापरायचं नाही. थायरॉइडची गोळी आणि छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी या दोन्ही उष्णता आणि ओलाव्याला नाजूक; त्या त्यांच्याच बाटलीत किंवा पाकिटात ठेवा. बाटलीतली दाणेदार पुडी (सिलिका जेल) ओलावा शोषण्यासाठीच असते, ती फेकू नका. आठवड्याचे खण असलेला प्लॅस्टिकचा डबा वापरत असाल तर एका वेळी एकाच आठवड्याच्या गोळ्या काढा आणि जिभेखालची गोळी त्यात टाकू नका.

डबा झाकणाचा, मुलाच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर. नुसती उंची पुरत नाही, कारण मूल कोठीवर चढतं. झाकणाला कडी किंवा छोटं कुलूप हवं. घरात गरोदर बाई असेल तर आशाताईंनी किंवा उपकेंद्रातून दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या असतातच. साखरेचं आवरण असलेल्या त्या गोळ्या मुलांना गोळ्या-बिस्किटांतल्याच वाटतात. अशा एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. लोहाच्या विषबाधेत आधी उलट्या होतात, मग काही तास मूल ठीक दिसतं आणि नंतर एकदम बिघडतं. त्यामुळे उलट्या थांबल्या म्हणून घरी थांबू नका.

मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपच्या दोन बाटल्या घरात एकत्र ठेवू नका. एकात ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५० असतं, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम. तापाच्या रात्री अंधारात बाटली बदलली की डोस दुप्पट-चौपट होतो. बरोबर आलेलं माप बाटलीलाच रबर लावून ठेवा. स्वयंपाकघरातला चमचा माप म्हणून चालत नाही.

कपाशीवरच्या फवारणीची औषधं, उंदराचं औषध, रॉकेल आणि ॲसिड माणसांच्या औषधांच्या खोलीतच नको. आणि ती दुसऱ्या बाटलीत, विशेषतः सिरपच्या किंवा पाण्याच्या बाटलीत, ओतून ठेवू नका.

मुलानं काहीही गिळलं तर बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. पाकीट आणि उरलेल्या गोळ्या बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा, किंवा १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा फोन १८०० ११६ ११७ आहे, तिथं विचारता येतं. पण फोन लागायची वाट पाहत दवाखान्याला उशीर करू नका.

इन्सुलिन आणि उन्हाळा

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये. वापरात असलेली व्हायल (इन्सुलिनची छोटी बाटली) किंवा इन्सुलिनचं पेन बाहेर चालतं, पण ठरावीक दिवस आणि ठरावीक तापमानापर्यंतच. बऱ्याच इन्सुलिनना चार आठवडे आणि २५ किंवा ३० अंश अशी मर्यादा असते. नेमका आकडा तुमच्या खोक्यातल्या कागदावर असतो, तोच धरा.

सिंगल डोअर फ्रीजमध्ये सगळ्यात मोठा धोका गोठण्याचा असतो. बर्फाच्या कप्प्यात तर नाहीच, पण त्याच्या खालच्या ट्रेमध्ये आणि मागच्या भिंतीला चिकटवूनही ठेवू नका. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला, त्याच्या खोक्यात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पहिल्यासारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज तीन-चार तास थंडावा धरतो.

फ्रीज नसेल किंवा भारनियमन लांबलं तर मातीची भांडी कामाला येतात:

१. एक मोठा आणि त्यात मावेल असा एक छोटा माठ घ्या. दोन्ही कच्च्या मातीच्या रंगाचे, बाहेरून तैलरंग किंवा चकाकी नसलेले. रंगवलेला माठ पाझरत नाही, म्हणून गारही होत नाही.
२. मोठ्याच्या तळाला दोन बोटं वाळू घाला, छोटा आत ठेवा आणि भोवतीची फट धुतलेल्या वाळूनं भरा.
३. वाळू पूर्ण भिजेल एवढं पाणी घाला. छोट्या माठात पाणी घालायचं नाही.
४. व्हायल घट्ट झाकणाच्या छोट्या प्लॅस्टिक डबीत ठेवून डबी छोट्या माठात ठेवा. व्हायल पाण्यात उभी ठेवली तर लेबल सुटतं आणि रबरी झाकणाला घाण लागते.
५. वर ताटली आणि ओलं फडकं. माठ सावलीत आणि वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. बंद कपाटात ठेवला तर पाणी उडत नाही, म्हणजे गारवाही नाही.
६. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवा. आठवडाभर रोज दुपारी डबीत तापमापक घालून बघा, म्हणजे तुमचा माठ किती उतरवतो ते कळेल.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं. श्रावणातल्या दमट हवेत गारवा कमी मिळतो, पण तेव्हा बाहेरचा पाराही खाली असतो. क्षारांच्या पाण्यानं जुन्या माठाची छिद्रं बुजतात; बाहेर पांढरी पुटं धरली आणि माठ पाझरेनासा झाला की बदला. हा उपाय वापरातल्या एका व्हायलसाठीच, माठ काही २ ते ८ अंशांवर येत नाही. फ्रीज नसेल तर साठा करू नका, एकेक व्हायल आणा. उपकेंद्रातल्या शीतपेटीत ठेवायची गळ सिस्टरांना घालू नका, ती लसींसाठीच असते.

आणताना थर्मास किंवा थर्माकोलचा डबा न्या. बर्फाची पिशवी आणि व्हायल यांच्यामध्ये टॉवेल हवा, नाहीतर वाटेतच गोठेल. शहाद्याहून किंवा पाचोऱ्याहून एसटीनं येताना पिशवी मांडीवर घ्या, इंजिनाजवळ किंवा खिडकीच्या उन्हात नको.

टोचण्याआधी उजेडात धरून बघा. पाण्यासारखं असायला हवं ते इन्सुलिन गढूळ झालं असेल तर टाका. मुळात दुधाळ असलेलं हळुवार घोळवल्यावरही गुठळ्या राहत असतील किंवा काचेला आतून पांढरे कण चिकटले असतील तर तेही टाका. आणि सगळं नीट दिसत असूनही औषध-जेवण तेच असताना शुगर अचानक चढू लागली, तर आधी इन्सुलिनवर शंका घ्या. नवी व्हायल फोडा आणि डॉक्टरांना कळवा.

एक गोंधळ फार महागात पडतो. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक १ मिलीला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० वालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. घरात एकाच प्रकारच्या सिरिंजा ठेवा.

कुलपातली औषधं

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही कडक दुखण्याची औषधं, दुखण्यासाठीच अंगाला लावायच्या फेंटानिलच्या चिकटपट्ट्या, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी दिलेलं ब्यूप्रिनॉर्फिन: ही औषधं सगळ्यांच्या डब्यात नकोत. मॉर्फिन किंवा ब्यूप्रिनॉर्फिनची मोठ्या माणसाची एक मात्राही लहान मुलाचा श्वास थांबवू शकते. लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात कुलूप लावा, किल्ली एकाकडेच, आणि वहीत तारीख-दिल्या-उरल्या असे तीन रकाने. यात कुणावर अविश्वास दाखवणं नाही. मोजणी असली की गोळी चुकून दोनदा दिली जात नाही आणि कमी झाल्या तर त्याच दिवशी कळतं.

घरात कुणी फार खचलेलं असेल, मरणाचं बोलत असेल, तर घरात एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या ठेवा, बाकीच्या नातेवाइकाकडे. फवारणीची औषधंही त्या घरातून हलवा. बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत.

नंदुरबारकडे सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) अनेक पेशंटना हायड्रॉक्सियुरिया चालू असतं. ती कॅप्सूल फोडायची नाही, गरोदर बाईनं हाताळायची नाही. दुसऱ्यानं द्यायची असेल तर हातमोजा किंवा चमचा वापरा आणि नंतर हात धुवा. उरलेल्या कॅप्सूल जिथून मिळाल्या तिथेच परत न्या.

सुया

दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरात महिन्याला ६० सुया निघतात, वर शुगर तपासायच्या टोचण्या वेगळ्या. त्या कचऱ्यात गेल्या की सफाई कामगाराच्या हातात घुसतात, आणि उकिरड्यावर गेल्या की शेणखताबरोबर शेतात पोहोचतात. मग पेरणीला अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यात. सिरिंज सापडली तर पोरं तिची पिचकारी करतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या घरगुती सुया-सिरिंजा आणि मुदत संपलेली औषधं घातक कचऱ्यात धरली, ती याचसाठी.

आधी डबा. जाड, अपारदर्शक प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा: लिक्विड डिटर्जंटचा किंवा फिनेलचा रिकामा धुतलेला कॅन सगळ्यात सोयीचा. पाण्याच्या पातळ बाटलीतून सुई आरपार येते, काचेची बाटली फुटते, आणि कीटकनाशकाचा डबा घरात आणायचाच नाही. बाहेर ठळक लिहा: ‘वापरलेल्या सुया. उघडू नका.’ वाचता न येणाऱ्यांसाठी लाल रंगाची फुलीही काढा. डबा टोचायच्या जागेपाशीच हवा. लांब असला की सुई ‘आत्तापुरती’ खिडकीत ठेवली जाते.

सिरिंजची सुई वाकवू नका, तोडू नका, टोपी परत लावू नका. टोचली की तशीच डब्यात, सुई खाली. लोकांना सुया लागतात त्या बहुतेक टोपी लावतानाच. पेनची सुई मात्र काढावीच लागते. पेनवर तशीच ठेवली तर आत हवा शिरते, इन्सुलिन गळतं आणि पुढचा डोस चुकतो. ती अशी काढा: मोठी बाहेरची टोपी टेबलावर आडवी ठेवा, तिला हात लावू नका. एकाच हातानं पेन धरून सुई टोपीत सरकवा. पेन उभं करा, टोपी टेबलावर दाबून घट्ट बसवा, मग फिरवून काढा आणि टोपीसकट डब्यात टाका. सवयीनं बोटांनी टोपी धरून जवळ आणायची ओढ होते, ती मोडायला हवी.

डबा पाऊण भरला की झाकण घट्ट करून वर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे. काठोकाठ भरलेला डबा दाबून बंद करतानाच सुई वर येते.

मग द्यायचा कुठे? आधी विचारा, मग न्या: जिथं औषध मिळतं तो दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, रक्त तपासायची लॅब. त्यांच्याकडे टोकदार कचऱ्याचा पांढरा डबा असतो आणि तो उचलायची ठरलेली सोय असते. ‘घरचा घेत नाही’ असं एका ठिकाणी ऐकायला मिळेल, दुसऱ्या ठिकाणी घेतील. आशाताईंमार्फत विचारलं तर काम लवकर होतं. शहरात घंटागाडी येत असेल तर बंद डबा हातात द्या, काय आहे ते तोंडी सांगा, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका.

काहीच सोय नसेल तर शेवटचा उपाय: पाऊण भरलेल्या डब्यात सिमेंटचं पातळ कालवण ओता, दोन दिवस सुकू द्या, झाकण लावा. आता सुया बाहेर येणार नाहीत. असा दगड झालेला डबा संधी मिळेल तेव्हा आरोग्य केंद्रात द्या. जमिनीत गाडायचाच झाला तर नांगर जात नाही अशा जागी, विहीर-बोअर-नाल्यापासून लांब, किमान तीन फूट खाली. चुलीत किंवा शेकोटीत सुया टाकू नका. प्लॅस्टिक जळतं आणि सुई राखेत तशीच राहते.

गाई-म्हशींना घरीच टोचत असाल तर त्या जाड सुयांसाठीही असाच वेगळा डबा करा.

दुसऱ्याची वापरलेली सुई टोचली, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. एचआयव्ही टाळणारी औषधं लागतील की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. लागली तर पहिल्या दोन तासांत सुरू झालेली सर्वांत चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची. कावीळ बी आणि धनुर्वाताच्या लशीचंही तिथेच विचारा. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ हा फोन आहे.

औषधं टाकताना

गिरणा-तापीत, विहिरीत, गटारात, उकिरड्यावर: चारही ठिकाणी नाही. उकिरड्यावर कोंबड्या, शेळ्या, कुत्री काहीही खातात. पाकिटं जाळूही नका, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचा धूर घरच्यांच्याच छातीत जातो.

पहिला पर्याय मेडिकल. मुदत संपलेला माल दुकानातून घाऊक विक्रेत्याकडे परत जात असतो, त्यामुळे कुणी ग्राहकाचाही घेतं. देण्याआधी प्रत्येक पाकिटावर मार्करनं फुली मारा, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या हाती पडणार नाही.

कुणी घेत नसेल तर गोळ्या पाकिटातून काढा (फोडू किंवा चुरू नका), सिरपसकट एका जाड पिशवीत घाला, दुप्पट राख, ओली माती किंवा वापरलेली चहापत्ती मिसळा, गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला आणि घंटागाडीत घातक कचरा म्हणून वेगळी द्या. राख-मातीमुळे कुणी उचलून खात नाही. रिकाम्या पाकिटावरचं आणि चिठ्ठीवरचं पेशंटचं नाव खोडा. काचेच्या सिरपच्या बाटल्या धुवून भंगारात चालतात, झाकण आणि लेबल काढून. हायड्रॉक्सियुरिया आणि केमोच्या गोळ्या या मिश्रणात नको.

शौचालयात टाकायची औषधं फार थोडी आहेत. केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये अशा १७ औषधांची यादी दिली: फेंटानिल, मॉर्फिन, ब्यूप्रिनॉर्फिन, मेथाडोन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम, मिथाइलफेनिडेट वगैरे. ती घरात पडून राहणं हा पाण्यात जाण्यापेक्षा मोठा धोका मानला आहे. रुग्णालय परत घेत असेल तर तिथेच द्या, नाहीतर पाकिटातून काढून शौचालयात टाका आणि बादलीभर पाणी ओता. वापरलेल्या फेंटानिल पट्टीत बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत करून घडी घाला आणि मग टाका. बाकीची औषधं मात्र शौचालयात नको. आपल्याकडे शोषखड्डा आणि बोअर कित्येकदा एकाच अंगणात असतात.

बाकीचं साहित्य

दम्याचा पंप संपला तरी त्यात दाब असतो: भोक पाडू नका, आगीत टाकू नका. शुगरच्या पट्ट्या त्यांच्याच डबीत, झाकण लगेच बंद. दमट हवा लागली की आकडा चुकतो. ग्लुकोमीटर आणि डिजिटल थर्मामीटरचे गोल चपटे सेल मुलांपासून दूर. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजतो, तेव्हा लगेच एक्स-रे होईल अशा दवाखान्यात जा. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू लावू नका, पारा पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदानं थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा आणि सुयांच्या डब्याबरोबर द्या.

ऑक्सिजन सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला. त्या खोलीत समई, उदबत्ती, विडी काही नाही, आणि व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका.

आजारी माणूस घरीच गेलं, तर पुढचे दिवस घर नातेवाइकांनी आणि मुलांनी भरलेलं असतं, आणि खाटेजवळच्या गोळ्या कुणाच्या ध्यानात नसतात. त्याच दिवशी एकानं मॉर्फिन, झोपेच्या गोळ्या, इन्सुलिन आणि सुयांचा डबा कपाटात कुलपात टाकावा. अंगावर फेंटानिलची पट्टी असेल तर अंघोळ घालण्याआधी हातमोजा घालून काढावी. तेराव्यानंतर वहीतल्या आकड्याशी गोळ्या ताडून त्या रुग्णालयात परत द्याव्यात. भाड्याचा सिलिंडर परत करताना व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढा, आणि अनामतीची पावती बरोबर न्या.